चिंता : स्वरूप, विकार आणि समुपदेशनाचे साह्य

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिंतेचे वर्णन करताना मराठी भाषेने मनापेक्षा शरीराचाच आधार अधिक घेतला आहे. पोटात गोळा येणे, हातपाय गळणे, तोंडचे पाणी पळणे, काळजात धस्स होणे, घशाला कोरड पडणे हे वाक्प्रचार पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. भाषेचे हे निरीक्षण शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. चिंता ही केवळ मनाची कल्पना नसून मेंदू, मज्जासंस्था आणि अंतःस्रावी ग्रंथी या सर्वांचा सहभाग असलेली संपूर्ण शरीराची प्रतिक्रिया होय. म्हणूनच ‘चिंता करू नकोस’ हा सल्ला कितीही आपुलकीने दिला, तरी तो बहुधा निष्फळ ठरतो. धडधडणाऱ्या हृदयाला आज्ञा देऊन थांबविता येत नाही.

मग चिंतेचे करायचे काय, हा प्रश्न परीक्षेस बसणाऱ्या प्रत्येकासमोर आहे. त्याचे उत्तर शोधताना दोन गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात. स्वाभाविक चिंतेचे विकारात रूपांतर केव्हा होते, ही पहिली. आणि समुपदेशन नेमके काय करते, ही दुसरी.

शरीराची धोक्याची घंटा

अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संकटसमयी प्राण्यांच्या शरीरात होणाऱ्या बदलांचे विवेचन केले. ‘लढा किंवा पळा’ या नावाने ही प्रतिक्रिया पुढे सर्वपरिचित झाली. धोक्याची चाहूल लागताच मेंदूतील अ‍ॅमिग्डाला हा भाग सजग होतो. अनुकंपी मज्जासंस्था कार्यान्वित होते आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन व त्यापाठोपाठ कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवू लागतात. हृदयाची गती वाढते, श्वास जलद होतो, रक्ताचा ओघ स्नायूंकडे वळतो. पचनाचे काम मंदावते, म्हणून पोटात गोळा येतो. लाळ कमी होते, म्हणून तोंडचे पाणी पळते.

रानात वाघ समोर आला असता ही यंत्रणा जीव वाचविते. प्रश्नपत्रिकेशी मात्र लढताही येत नाही आणि तिच्यापासून पळताही येत नाही. शरीराने जमविलेली शक्ती अशा वेळी वापराविना राहते आणि तिचा त्रास होऊ लागतो. शिवाय, काळजीचे विचार मनातील तात्पुरत्या स्मृतीची जागा अडवून ठेवतात. त्यामुळे घरी येत असलेले उत्तर परीक्षागृहात आठवत नाही आणि बाहेर पडताच आठवते.

तरीही चिंता सर्वस्वी हानिकारक नाही. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून उत्तेजन आणि शिक्षण यांचा संबंध मांडला. पुढे मानसशास्त्रज्ञांनी तो मानवी कामगिरीलाही लागू केला. उत्तेजन अगदीच कमी असेल तर माणूस आळसावतो, मध्यम असेल तर कामगिरी उंचावते, मर्यादेबाहेर गेले तर ती घसरते. काम जितके अवघड, तितकी ही मर्यादा लवकर येते. घोकलेली माहिती लिहिताना जी धाकधूक खपून जाते, तीच विश्लेषणाची मागणी करणाऱ्या प्रश्नात आड येते. तेव्हा चिंता पूर्णपणे नाहीशी करणे हे उद्दिष्ट नव्हे. तिला कामापुरती ठेवणे हे उद्दिष्ट होय.

स्वाभाविक चिंता आणि चिंताविकार

या दोहोंतील सीमारेषा ओळखण्यासाठी तीन कसोट्या उपयोगी पडतात. पहिली कसोटी प्रमाणाची : प्रसंगाच्या मानाने चिंता अवाजवी आहे काय? दुसरी कालावधीची : परीक्षा संपली, निकाल लागला, तरी ती टिकून आहे काय? तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी अडथळ्याची : झोप, भूक, अभ्यास, माणसांत मिसळणे यांत तिच्यामुळे खंड पडतो काय? तिन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल, तर तज्ज्ञाचा सल्ला घेणे इष्ट ठरते.

चिंताविकारांचे अनेक प्रकार आहेत. सार्वत्रिक चिंताविकारात लहानमोठ्या सर्वच गोष्टींची काळजी सुटत नाही. अमेरिकन निदानपुस्तिकेनुसार ही अवस्था किमान सहा महिने, बहुतेक दिवशी असावी लागते. तिच्यासोबत अस्वस्थता, लवकर थकणे, एकाग्रता न होणे, चिडचिड, स्नायूंचा ताण व निद्रानाश ही लक्षणे आढळतात. तीव्र भीतीच्या झटक्यात काही मिनिटांतच छातीत धडधड, गुदमरल्याची भावना आणि ‘आता आपण मरणार’ अशी भीती पराकोटीला पोहोचते. अनेकजण हृदयविकार समजून रुग्णालय गाठतात आणि हृदयाचा आलेख मात्र सामान्य निघतो. सामाजिक चिंताविकारात इतरांकडून पारख होण्याची धास्ती असते. मुलाखतीच्या टप्प्यावर ती विशेष जाणवते. याखेरीज विशिष्ट वस्तूंचे वा प्रसंगांचे भयगंड असतात. अवटू ग्रंथीचे विकार किंवा चहा-कॉफीचा अतिरेक यांमुळेही अशीच लक्षणे दिसू शकतात. म्हणून प्रथम शारीरिक तपासणी करून घेणे श्रेयस्कर.

हा प्रश्न थोडक्यांचा नाही. जागतिक रोगभार अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये भारतात सुमारे ४.४९ कोटी व्यक्तींना चिंताविकार होता. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळते.

टाळाटाळीचे चक्र

चिंता टिकून राहते ती प्रामुख्याने टाळाटाळीमुळे. उदाहरणादाखल पूर्वपरीक्षेत दोनदा अपयश आलेल्या एखाद्या उमेदवाराची कल्पना करावी. सराव चाचणीचा दिवस उजाडला की त्याच्या छातीत धडधडू लागते. ‘अजून उजळणी झालेली नाही, पुढच्या आठवड्यात देऊ,’ असे म्हणून तो चाचणी टाळतो. टाळताक्षणी त्याला हायसे वाटते. मात्र या सुटकेतूनच मेंदू एक चुकीचा धडा शिकतो : चाचणी खरोखरच धोकादायक होती आणि ती टाळल्यामुळेच आपण वाचलो. पुढील आठवड्यात धास्ती वाढलेली असते. हळूहळू तो अभ्यासिकेत जाणे सोडतो, गावाकडून येणारे फोन टाळतो, मित्रांनी निकालाविषयी विचारू नये म्हणून खानावळीतही अवेळी जातो. दिवसभर पुस्तक उघडे असते, वाचन मात्र होत नाही.

बाहेरून पाहणाऱ्यास हा आळस वाटतो. घरच्यांना तो निष्काळजीपणा वाटतो आणि त्या उमेदवाराला स्वतःला तो नालायकपणा वाटतो. वस्तुतः यांपैकी काहीच खरे नसते. तात्पुरती सुटका आणि कायमची वाढती भीती यांच्या चक्रात तो अडकलेला असतो. हे चक्र इच्छाशक्तीच्या एका झटक्याने तुटत नाही. त्यासाठी पद्धतशीर साह्य लागते आणि तेच समुपदेशनाचे क्षेत्र होय.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे

‘समुपदेशन’ या शब्दात ‘उपदेश’ दडलेला असल्याने अनेकांची गल्लत होते. काय करावे हे सांगणारी वडीलधारी मंडळी प्रत्येक घरात असतात. त्यासाठी समुपदेशकाची गरज नाही. करिअरविषयक मार्गदर्शन हीदेखील वेगळी बाब आहे. माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२-५३) शाळांतील मार्गदर्शन सेवेवर भर दिला आणि १९५४ मध्ये केंद्रीय पातळीवर शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शन विभाग स्थापन झाला. पण कोणता अभ्यासक्रम निवडावा याचे मार्गदर्शन आणि मनाच्या अडचणीतून वाट काढण्यास साह्य करणे यांत अंतर आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात आणि पुढील लेखनात समुपदेशनाची नवी दिशा दाखविली. समुपदेशकाने निर्णय लादू नयेत. समोरच्याला समजून घ्यावे, त्याचा विनाअट स्वीकार करावा आणि प्रामाणिक राहावे, हा तिचा गाभा होय. असा विश्वास निर्माण झाला की माणूस स्वतःच्या अडचणीकडे निर्भयपणे पाहू शकतो. ज्याला आजवर प्रत्येकाने पारखलेच आहे, त्या विद्यार्थ्याला कोणीतरी पारख न करता ऐकून घेणे, हा पहिला दिलासा असतो.

केवळ ऐकून घेणे मात्र पुरेसे नसते. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती, तर अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात बोधात्मक उपचारपद्धती विकसित केली. या प्रवाहांतून विस्तारलेला बोधात्मक वर्तनोपचार चिंताविकारांवर सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या उपचारांपैकी एक आहे. प्रसंगामुळे नव्हे, तर प्रसंगाच्या लावलेल्या अर्थामुळे भावना तीव्र होतात, हे त्याचे मूळ सूत्र.

वर उल्लेखिलेल्या उमेदवाराच्या बाबतीत ही पद्धत कशी चालेल, ते पाहता येईल. ‘दोनदा नापास झालो, म्हणजे माझी लायकीच नाही,’ हा त्याचा विचार आधी कागदावर उतरविला जातो. मग त्याचा पुरावा तपासला जातो. नागरी सेवा परीक्षा २०२३ साठी १० लाखांहून अधिक अर्ज आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्षात सुमारे ५ लाख ९२ हजार उमेदवार बसले, मुख्य परीक्षेसाठी १४,६२४ पात्र ठरले आणि अखेर १,०१६ जणांची शिफारस झाली. म्हणजे परीक्षेस बसलेल्या सुमारे ५८० जणांमागे एकाची. उरलेले सर्व नालायक होते, असे कोणताही विवेकी मनुष्य म्हणणार नाही. निवड न होणे ही बहुसंख्यांच्या बाबतीत जागांच्या गणिताची निष्पत्ती असते. ती व्यक्तीच्या मोलाची मोजणी नसते. ‘ही परीक्षा अवघड आहे, माझी तयारी काही ठिकाणी कमी पडली आणि माझ्यापुढे दुसरेही मार्ग आहेत,’ असा तोललेला विचार त्या जागी येतो. हा खोटा आशावाद नव्हे. उलट, पूर्वीच्या विचारापेक्षा तो वास्तवाच्या अधिक जवळ असतो.

यानंतर टाळाटाळीवर काम सुरू होते. भीतीला पायऱ्यापायऱ्यांनी सामोरे जाणे, हा त्याचा मार्ग. पहिल्या पायरीवर खोलीत बसून, वेळेचे बंधन न ठेवता वीस प्रश्न सोडवायचे. पुढे तेच घड्याळ लावून. नंतर अभ्यासिकेत इतरांसोबत. आणि शेवटी दोन तासांची संपूर्ण चाचणी द्यायची. प्रत्येक पायरीवर चिंता आधी वाढते, पण थांबून राहिल्यास बहुधा ओसरू लागते आणि ज्याची धास्ती होती ते घडत नाही. हा अनुभव वारंवार आला की मेंदू नवा धडा शिकतो. जोडीला संथ श्वसन, विशेषतः उच्छ्वास लांबविण्याचा सराव, झोपेची नियमित वेळ आणि समस्या सोडविण्याची पद्धत शिकविली जाते. एका भेटीत हे साधत नाही. साधारणतः काही आठवड्यांच्या नियमित भेटी आणि दोन भेटींच्या दरम्यान घरी करावयाचा सराव, असे त्याचे स्वरूप असते. लक्षणे तीव्र असल्यास मनोविकारतज्ज्ञ औषधेही देतात. औषध व समुपदेशन ही परस्परविरोधी नसून पूरक आहेत.

गोव्यातील प्रयोग

भारतात मनोविकारतज्ज्ञांची संख्या दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ०.७५ इतकी असल्याचे सांगितले जाते; अपेक्षित प्रमाण किमान ३ असे आहे. ही तूट अल्पावधीत भरून येणारी नाही. तेव्हा समुपदेशनाचे काम प्रशिक्षित सामान्य व्यक्तींना जमेल काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचे एक उत्तर गोव्यातून मिळाले.

गोव्यात १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि १२ खाजगी दवाखाने यांत ‘मानस’ नावाचा अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नैराश्य व चिंता यांनी ग्रस्त अनेकजण डॉक्टरकडे येतात ते थकवा, निद्रानाश वा अंगदुखीची तक्रार घेऊन. अशा रुग्णांची चाचपणी करून, आरोग्यक्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्या पण पद्धतशीर प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडे त्यांना सोपविण्यात आले. आजाराची समजूत करून देणे, श्वसनाचे व्यायाम, नातेसंबंधांतील अडचणींवर संवाद, असे त्यांचे काम होते. गरजेनुसार डॉक्टर औषधे देत आणि मनोविकारतज्ज्ञ देखरेख ठेवीत. सहा महिन्यांनंतर सरकारी केंद्रांत समुपदेशन मिळालेल्या गटातील ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खाजगी दवाखान्यांत मात्र दोन गटांत असा फरक दिसला नाही. सार्वजनिक आरोग्य केंद्रात, सामान्य माणसाच्या आवाक्यात, समुपदेशन परिणामकारक ठरू शकते, हा या प्रयोगाचा धडा होय.

राष्ट्रीय पातळीवरील प्रयत्न

भारताने १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. १९९६ मध्ये त्याअंतर्गत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. तो पुढे ७६७ जिल्ह्यांसाठी मंजूर करण्यात आला. बंगळुरू येथील निम्हान्स या संस्थेने १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार असल्याचे आढळले. विविध विकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. उपचार उपलब्ध असणे आणि ते गरजवंतापर्यंत पोहोचणे यांतील हे अंतर हीच आजची मुख्य समस्या आहे.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २०१८ मध्ये अंमलात आला. त्याने शासकीय खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दिला. कोविड महासाथीच्या काळात, जुलै २०२० मध्ये विद्यार्थ्यांसाठी ‘मनोदर्पण’ हा उपक्रम सुरू झाला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ‘टेली मानस’ सेवेचा आरंभ झाला. १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीसह २० भाषांत, दिवसरात्र समुपदेशन मिळते आणि गरज पडल्यास पुढील उपचारांची दिशा दाखविली जाते. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीने मानसिक आरोग्याची सविस्तर दखल घेतली. जानेवारी २०२४ मध्ये शिक्षण मंत्रालयाने कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश न देणे आणि समुपदेशनाची सोय करणे यांचा त्यांत समावेश आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ नेमावा, असे निर्देश दिले.

या पावलांमागील निकड आकड्यांतून स्पष्ट होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार २०२२ मध्ये १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, तर परीक्षेतील अपयश हे कारण २,२४८ आत्महत्यांत नोंदविले गेले. कोणतीही आत्महत्या केवळ एकाच कारणाने घडते असे नाही. तथापि वेळेवर मदत मिळाली असती, तर यांतील अनेक जीव वाचू शकले असते. जगण्याचीच इच्छा उरली नाही असे विचार येऊ लागले, तर ते लपवू नयेत; त्याच दिवशी जवळच्या व्यक्तीला सांगून मदत घ्यावी.

अडसर आणि मर्यादा

मदत घेण्याच्या आड येणारी पहिली गोष्ट म्हणजे लोकलज्जा. शासकीय सेवेची आकांक्षा बाळगणाऱ्यांच्या मनात आणखी एक शंका असते : समुपदेशकाकडे गेल्याचे कोणाला कळले तर? २०१७ च्या अधिनियमातील कलम २३ नुसार मानसिक आरोग्याविषयीची माहिती गोपनीय राखली जाण्याचा हक्क व्यक्तीला आहे. काही अपवाद कायद्यातच नमूद आहेत, उदाहरणार्थ जिवाला धोका असल्यास. गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच भेटीत विचारून घेता येतात आणि चांगला समुपदेशक त्या आपणहून सांगतो.

दुसरी बाब पात्रतेची. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. समुपदेशकांसह अन्य व्यावसायिकांसाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा झाला. ‘समुपदेशक’ ही पाटी लावलेल्या प्रत्येकाचे शिक्षण सारखे नसते. त्यामुळे पदवी, प्रशिक्षण आणि अनुभव यांविषयी विचारणे गैर नाही. खात्रीने यश मिळवून देण्याचे वचन जो देतो, त्याच्यापासून दूर राहावे.

तिसरी मर्यादा समुपदेशनाची स्वतःची आहे. जागा थोड्या आणि उमेदवार लाखो, ही स्थिती समुपदेशनाने बदलत नाही. रोजगाराच्या संधी, परीक्षांचे वेळापत्रक, निकालातील दिरंगाई हे धोरणाचे विषय आहेत. त्यांचे ओझे विद्यार्थ्याच्या मनावर टाकून ‘तू खंबीर हो’ असे म्हणणे न्याय्य ठरणार नाही. समुपदेशन इतकेच करते की, परिस्थिती बिकट असली तरी तिला तोंड देणारे मन साबूत राहते आणि पुढे जायचे की मार्ग बदलायचा, हा निर्णय भीतीऐवजी विचारपूर्वक घेता येतो.

समारोप

परीक्षार्थी वेळापत्रकात उजळणीला, वर्तमानपत्राला, सराव चाचणीला जागा देतो. झोप, व्यायाम आणि एखाद्या मित्राशी मनमोकळे बोलणे यांनाही तशीच निश्चित जागा हवी. दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, अभ्यास होत नसेल, माणसे नकोशी वाटत असतील, तर पुढील निकालाची वाट न पाहता मदत घ्यावी. सोबतच्या खोलीतील कोणी अचानक अबोल झाला असेल, तर त्याला उपदेश करण्याऐवजी त्याच्याजवळ बसावे, त्याचे ऐकावे आणि १४४१६ हा क्रमांक लावताना त्याच्या शेजारी असावे. ज्यांना उद्या प्रशासनात जाऊन इतरांच्या अडचणी ऐकायच्या आहेत, त्यांच्यासाठी हेही त्या तयारीचेच एक अंग आहे.